अंघोळीच्या पाण्यावरचा दुधी

आमच्या परसातल्या दुधीला अंघोळीचं पाणी मिळतं. त्यामुळे घरात पाहुणे वाढले की आठवड्याभराने दुधीही वाढतात. लग्नसराईत नाशिक-मुंबईची भावंडं पोरंबाळं घेऊन मुक्कामाला येतात, सकाळी न्हाणीपुढे रांग लागते. एरवी तांब्याला तांब्या मोजणारी आई त्या दिवसांत कोणाला काही बोलत नाही. मांडवाखाली उभी राहून वेल न्याहाळते आणि मोठ्या जावयाला, भरपूर अंग असलेल्या माणसाला, आग्रहाने दुसरी बादली काढून देते. जावयाला तो मान वाटतो. आम्ही गप्प बसतो.

नाशिकहून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सावळघाट उतरला, करंजाळी मागे पडली की डाव्या-उजव्या हाताला पाड्यांकडे वळणारे रस्ते लागतात. त्यातल्या एका पाड्यावर आमचं घर. आम्ही कोकणा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, म्हणून उन्हाळ्याची सुट्टी मला मिळते आणि ती सगळी परसात, वाडीत आणि चुलीपुढे जाते. मला स्वयंपाकाची आवड आहे हे शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं की ते हसतात. त्यांना हसू द्यावं. जेवायला बोलावलं की तेच आधी येतात.

आमच्या पेठ तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हा आकडा ऐकून देशावरचा माणूस म्हणतो, मग तुम्हाला काय कमी? कमी आहे ते धरून ठेवणं. खाली काळा कातळ, वर हातभर माती, आणि सगळीकडे उतार. आषाढात पडलेलं पाणी ओहोळाओहोळाने दमणगंगेला नाहीतर पारला जातं आणि गुजरातमार्गे समुद्राला मिळतं. मार्च संपताना विहिरींचा तळ दिसायला लागतो. एप्रिलमध्ये बायका दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन दरीतल्या झऱ्यावरून वर येतात, मे महिन्यात काही पाड्यांवर टँकर येतो. अशा ठिकाणी घरची भाजी पिकवायची म्हणजे आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो, मग बियांचा.

तो हिशेब आईने माझ्या जन्माआधीच मांडलेला आहे. पिण्याचं पाणी पिण्याला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मिरचीच्या आणि वांग्याच्या रोपांना. राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणी डांगराच्या वेलाला. न्हाणीचं पाणी चर काढून दुधीला, पुढे गिलक्याला, आणि तिथून जे झिरपेल ते केळीला. कपड्यांच्या पावडरचं पाणी मात्र कशालाच नाही, ते रस्त्यावर धूळ बसवायला. एकच पाणी माणसाला लागून, वेलाला लागून, केळीच्या बुडाशी संपतं. याला हल्ली शहरात मोठं नाव आहे आणि त्याच्या कार्यशाळाही होतात असं ऐकतो. आमच्याकडे त्याला चर म्हणतात आणि तो दर आठवड्याला फावड्याने साफ करावा लागतो, नाहीतर डास होतात.

वेल फेब्रुवारीतच टोकतात. थंडी ओसरली, ऊन अजून कडक नाही, अशा मधल्या दिवसांत तो मांडवावर चढला पाहिजे. एप्रिलच्या उन्हात वेलाचा स्वभाव बदलतो. तापमान चाळिशीकडे सरकलं आणि दिवस मोठा झाला की डांगर, दुधी, गिलकं या सगळ्यांना नर फुलं भराभर येतात, मादी फुलं मोजकी. मांडव पिवळा-पांढरा दिसतो आणि फळ हाताला लागत नाही. नवा माणूस इथे खत घालतो, फवारा मारतो. आई टोपली घेऊन नर फुलं खुडते. डांगराची फुलं सकाळी लवकर, उमललेली असतानाच काढायची, आतला दांडा मोडून टाकायचा, मुंगी झटकायची, आणि तांदळाच्या पिठात मीठ, ठेचलेली मिरची, लसूण घालून त्यात बुडवून तव्यावर थोड्या तेलात परतायची. कुरकुरीत होईपर्यंत नाही, कड लाल झाली की उतरवायची. सगळी फुलं मात्र खुडायची नाहीत, मांडवाच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन-चार सोडायची, नाहीतर मादी फूल वाट बघून गळून जातं.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. गिलक्याचं सकाळी उमलतं, त्याला मधमाशी आणि भुंगे पुरतात. दोडका पुन्हा संध्याकाळचा. म्हणून अंगणात जिथे रात्रभर दिवा जळतो त्या बाजूचा दुधी कमी धरतो असा माझा समज आहे. तो खरा असो नसो, मी मांडवाच्या बाजूचा बल्ब काढून टाकला आहे. सातवीच्या मुलांना परागीभवन शिकवताना मी हीच फुलं वर्गात नेतो. पाठ्यपुस्तकातलं चित्र कोणत्याच फुलासारखं दिसत नाही.

दुधीबद्दल एक सांगितलंच पाहिजे. पाण्याचा ताण पडलेल्या वेलावरचं एखादं फळ कडू निघतं. कडू कारलं चालतं, कडू दुधी चालत नाही. त्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या-जुलाब होतात, माणूस दगावतोही. दुधीचा कच्चा रस पिण्याचं फॅड आल्यावर अशा घटना झाल्या आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी कडू रस पिऊ नका असं स्पष्ट सांगितलं. आमच्या घरात हा नियम त्याआधीपासून आहे. दुधी चिरायच्या आधी देठाकडची एक चकती काढायची, जिभेला लावायची, कडू लागली की थुंकून सगळा दुधी उकिरड्यावर. शिजवून कडूपणा जातो का, मीठ लावून जातो का, असले प्रयोग नाहीत.

गोड निघालेल्या दुधीचं काय करायचं याबद्दल घरात दोन पक्ष आहेत. बायकोला तो चण्याच्या डाळीत आवडतो. मी आणि आई बोंबलाच्या पक्षाचे. पेठच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीच्या पाट्या असतात. किनाऱ्याकडून येणारे बोंबील, सुकट, वाकट्या. उन्हाळ्यात भाजी महाग आणि मासळी टिकाऊ, म्हणून ती इथे घरोघरी. बोंबील आधी निखाऱ्यावर भाजायचे, डोकी-शेपट्या मोडायच्या, कोमट पाण्यातून काढायचे. खुरासणीच्या तेलात ठेचलेला लसूण लाल करायचा, मिरची, हळद, वर दुधीच्या जाड फोडी. पाणी घालायचं नाही. झाकणावर पाणी ठेवायचं, दुधी स्वतःच्या पाण्यात शिजतो. फोड बोटाने दाबून चेपली की बोंबील आणि कैरीच्या चार चकत्या. त्यानंतर भांडं हलवायचं, डाव घालायचा नाही, फोडी मोडतात. नागलीच्या भाकरीबरोबर हे खाताना बोलणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

गिलक्याचा प्रकार फसवा. परातभर चिरलं तर वाटीभर उरतं. पाहुणे असले की बायको त्यात उडदाचा भरडा भुरभुरते, मग ते अंग धरतं. उडीद आमच्या घरी भाजून जात्यावर भरडलेलाच असतो, कारण भुजं त्याचंच. भाजलेल्या उडदाचा भरडा, लसूण, मिरची, मीठ आणि पाणी, बस. बाहेरच्या माणसाला ते दिसायला साधं वाटतं आणि ताटात दुसऱ्यांदा पडेपर्यंत त्याला कळत नाही आपण किती खाल्लं. उन्हाळ्यात भुज्यात मी कच्च्या कैरीचा कीस घालतो. आई म्हणते, भुजं बिघडवलंस. पण वाटी पुसून खाते.

आता पाणी न मागणारी झाडं. खरं तर पेठचा उन्हाळा यांचाच. शेवगा मार्चमध्ये शेंगा देतो. मोहाची फुलं पहाटे टपटपतात, ती उजाडायच्या आत वेचावी लागतात, ऊन चढल्यावर मुंग्या आणि गुरं आधी पोचतात. डोंगरउतारावर करवंदाच्या जाळ्या मे महिन्यात काळ्या होतात. कच्च्या हिरव्या करवंदांचा खुरासणीबरोबर ठेचा करावा, भाजलेली खुरासणी, लाल मिरची, लसूण, मीठ आणि मूठभर करवंदं पाट्यावर. बी कोवळी असेपर्यंतच हे जमतं. टेंभुरण, अळूची फळं, चारं ही पोरांची दौलत, ती घरापर्यंत पोचत नाहीत. आणि या सगळ्यांवर आंबा.

आमच्या बांधावर जुनी रायवळ झाडं आहेत. कोयीपासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं असतं, आईबापाची चव पुढे जाईल याची खात्री नाही. म्हणून प्रत्येकाला नाव. खोबऱ्या, शेंदऱ्या, दह्या, गोटी, आणि एक नुसताच आंबट्या, ज्याचं पिकलेलं फळही दात आंबवतं. आंबट्याला आजोबांनी तोडला नाही कारण लोणच्याला त्याच्यासारखी कैरी पंचक्रोशीत नाही. खोबऱ्या तोंडात धरून चोखायचा. शेंदऱ्याचा रंग सुरेख आणि चव यथातथा, पाहुण्यांना दाखवायला तो. दह्याचा रस. गोटी लहान, कोय मोठी, पण अढीत ठेवली की घरभर वास.

मोहोर गळून वाटाण्याएवढी कणी लागली की झाडाखाली पोरांची फेरी सुरू होते. मार्चअखेर बाळकैरी, अजून कोय न धरलेली, आरपार चिरता येणारी. तिचा तक्कू करतात देशावर. आम्ही ती मीठ-मिरचीत ठेचतो आणि पेजेबरोबर खातो. एप्रिलमध्ये कोय कडक होते तशी कैरी वरणात जाते, सुकटीत जाते, चुलीच्या राखेत भाजून पन्ह्यात जाते. शेतावरून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग पन्हं; तापलेल्या अंगाला एकदम गार गोड द्यायचं नाही असं आईचं शास्त्र आहे.

पिकला आंबा मात्र आखातीपर्यंत थांबतो. वैशाख शुद्ध तृतीयेला पितरांना वाढल्याशिवाय आमच्या घरात तो कोणी तोंडाला लावत नाही. आखातीच्या आधी काही दिवस बांबूच्या टोपलीत माती घालून नागली, भात, वरई, उडीद असं धान्य पेरतात आणि घरात अंधाऱ्या जागी ठेवतात. त्याची पूजा होते. कोणतं बी किती दाट उगवलं हे बायकांनी बघितलेलंच असतं. जूनमध्ये पेरायचं बियाणं मे महिन्यातच तपासून झालं. त्या दिवशी पितरांसाठी चार पाडाचे आंबे शोधून आणायचं काम माझ्याकडे असतं. पाडाचा म्हणजे झाडावरच पिकू लागलेला. आखाती एप्रिलअखेर आली तर हे सोपं नसतं. सगळ्या बांधांवर हिंडून, पोपटाने टोचलेला एखादा दिसला की त्याच्या आसपास शोधायचं. पोपटाची पारख माणसापेक्षा चांगली आहे.

रायवळ खायला, केसर विकायला, अशी सरळ वाटणी आहे. केसर आमच्याकडे मूळचा नव्हे. त्याचं घर जुनागड-तालाला. त्याच्या गराचा रंग पाहून 1934 साली जुनागडच्या नबाबाने त्याला हे नाव दिलं असं सांगतात. तो पेठला आला तो कलमांच्या रूपाने. महाराष्ट्रात 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. दुसरीकडे मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने 1982 पासून गुजरातेत वांसद्याला आदिवासी कुटुंबांसाठी वाडीचा प्रयोग सुरू केला होता. एकरभर वरकस जमीन, त्यात आंबा-काजूची कलमं, मधल्या जागेत भात-नागली, भोवती बांबू-सागाचं कुंपण. वांसदा इथून डोंगरापलीकडेच. तो प्रयोग पुढे नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतही आला. आमच्या वाडीची कलमं वडिलांनी लावली. पहिली दोन वर्षं त्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घातलं ते खांद्यावर कावड घेऊन. त्या काळात घरामागे दुधी नव्हता. चर तेव्हा कोरडा असायचा, न्हाणीचं पाणीसुद्धा वाडीला जायचं. आता झाडं मोठी आहेत, मुळं खोल आहेत, त्यांना कोणी विचारत नाही.

या वाड्यांनी पेठचा उन्हाळा बदलला. पूर्वी होळीनंतर माणसं द्राक्षाच्या बागांवर, वीटभट्ट्यांवर निघून जायची, आणि अजूनही जातात. पण ज्याची वाडी आहे त्याला मे महिन्यात घरी राहायला एक कारण असतं. रस्त्याच्या कडेला पाट्या लागतात. नाशिकची गाडी थांबते, काच खाली होते आणि पहिला प्रश्न येतो, पावडर लावलेला नाही ना? कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी गिऱ्हाइकाचा संशय जात नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आमचा आंबा अढीतला. फळ तयार झालं का हे बघायला बादलीत टाकायचं, बुडलं तर झाडावरची फळं काढायला हरकत नाही, तरंगलं तर थांबायचं. देठ बोटभर ठेवून झेल्याने काढायचं, नाहीतर चीक सालीवर उतरून काळे डाग पडतात. मग पालथं घालून चीक निथळू द्यायचा. भाताचा पेंढा आमच्याकडे मुबलक. पेंढ्याचा थर, आंब्याचा थर, पुन्हा पेंढा, आणि अंधारी खोली. आठवड्याने वास यायला लागतो. रोज हात घालून उबेचा अंदाज घ्यायचा, फार ऊब धरली तर अढी मोडून परत लावायची. घरातलं लहान पोर अढीच्या खोलीत एकटं सापडलं तर त्याला काही विचारायचं नसतं, त्याचे हात हुंगायचे.

सगळ्यात जास्त कैरी मी 2021 साली शिजवली. त्या वर्षी आखाती 14 मेला होती. तेव्हाच अरबी समुद्रात तौक्ते वादळ उठल्याच्या बातम्या होत्या. 17 मेच्या रात्री ते सौराष्ट्रात उन्याच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं. आम्ही समुद्रापासून लांब, पण वारा आम्हाला लांब समजला नाही. दिवसभर झाडं घुसळत होती आणि रात्री पत्र्यावर आंबा पडल्याचे आवाज. दोन आंब्यांच्या मधली शांतता लहान लहान होत गेली. सकाळी वाडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. केसर उतरायला अजून दोन-तीन आठवडे होते. तेवढ्या कोवळ्या फळाला अढीत घातलं तरी ते पिकत नाही, सुरकुततं. आपटलेलं तर नाहीच. आणि कोरोनाचे निर्बंध, रस्त्यावर एकही गाडी नाही. विकायचं कोणाला?

आई खाली बसली आणि आंबे तीन ढिगांत वेगळे करायला लागली. फुटलेले, चेपलेले, धड. ती काही बोलली नाही, म्हणून आम्हीही बसलो. फुटलेले त्याच दिवशी संपवायला हवे होते. त्यांच्या फोडी करून मीठ चोळून रांजणात भरल्या, किलोला पाव किलोच्या जवळपास मीठ, वर दगड. चेपलेल्यांची आंबोशी करायची ठरली. साल काढून उभ्या फाका, हळद-मीठ लावून उन्हात. पण ऊन कुठे होतं? आभाळ दोन दिवस उतरलेलं, अंगण ओलं. शेवटी चुलीवरच्या बांबूच्या ताटीवर फाका पसरल्या आणि खाली मंद धग ठेवली. ती चूल आम्ही दोन दिवस विझू दिली नाही, रात्री आळीपाळीने उठून लाकूड सारत होतो. त्या आंबोशीला धुराचा वास आला. आई नाराज होती. मला तो वास इतका आवडला की आता मी ऊन असलं तरी थोडी आंबोशी मुद्दाम चुलीवर वाळवतो आणि ती मटणात घालतो. दहा किलो कैरीतून जेमतेम किलोभर आंबोशी हाती लागते, त्यामुळे ढीग गेला कुठे असं वाटतं.

धड राहिलेल्या कैऱ्यांचं लोणचं, मुरांबा, साखरआंबा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं तर प्रत्येकाच्या अंगणात तेच तीन ढीग. पाड्यावर त्या आठवड्यात कैरी घेणारं कोणी नव्हतं, गूळ आणि मीठ मात्र सगळ्यांना हवं होतं. दुकानात गूळ संपला. गुळाऐवजी मोहाची वाळलेली फुलं भिजवून, उकळून, त्याचा पाक कैरीत घालून बघावा हे शेजारच्या काकूंनी सुचवलं. काळपट, जरा उग्र, पण गोड. भाकरीला लावून पोरांनी फस्त केला. पंचनाम्याचे कागद झाले, त्यांचं पुढे काय झालं ते सगळ्या पाड्याला माहीत आहे, इथे लिहून कागद वाया घालवत नाही. पण त्या वर्षीचं लोणचं पुढची दोन वर्षं पुरलं.

रायवळांचं मात्र नवल वाटलं. केसर उघडे पडले होते आणि जुन्या झाडांवर निम्मी फळं तशीच. लांब, लवचीक देठ, वाऱ्याबरोबर हलणारं लहान फळ, खोल गेलेलं सोटमूळ. कलमाला बुटकं ठेवतात, फळ वजनदार, देठ आखूड. वाऱ्याला हा फरक बरोबर समजतो. तेव्हापासून मी दह्याच्या काड्या घेऊन कोयीच्या रोपांवर पाचर कलमं बांधायला लागलो. दह्या म्हातारा झाला आहे, बुंध्यात पोकळी पडली आहे, आणि हे झाड गेलं की ती चव कुठल्याच रोपवाटिकेत मिळणार नाही. खोक्यांसाठी आंब्याचं लाकूड विकत घेणारे दर उन्हाळ्यात चौकशी करून जातात.

दह्याचा रस हाताने पिळायचा. मिक्सरमध्ये केसर चालतो, रायवळ नाही, त्याचे रेषे पात्याला गुंडाळतात. आंबे तासभर पाण्यात ठेवायचे, देठाकडचा चीक पिळून टाकायचा, हलक्या हाताने चोळून मऊ करायचे. पहिला रस सालीचा, दुसरा कोयीचा. चिमूटभर मीठ, सुंठ, असलं तर तूप. साखर घालणाऱ्याला पंक्तीत शेवटी बसवावं. आमच्याकडे रसाबरोबर तांदळाची भाकरी, पातळ, मऊ, तव्यावर फुगलेली. निफाड-येवल्याकडचे पाहुणे पुरणपोळी मागतात, त्यांचा हट्ट पुरवला जातो, पण पुरणाच्या गोडीपुढे रसाचा आंबटपणा दबतो असं माझं मत आहे आणि ते मी जावयांसमोरही सोडत नाही.

साली आणि कोयी टाकायच्या नाहीत. त्यांच्यावर पाणी घालून खळबळून घ्यायचं, ते आंबटगोड पाणी गाळून, थोडं तांदळाचं पीठ लावून, खुरासणीच्या तेलात जिरं, लाल मिरची, लसणाची फोडणी. रसाच्या जेवणानंतर संध्याकाळी या साराबरोबर नुसता भात पुरतो. कोयी धुऊन वाळवतात. निखाऱ्यात भाजलेल्या कोयीतला गर पोरं खातात, तुरट असतो पण चटक लावतो. आजी सांगायची की बाहत्तरच्या दुष्काळात त्या गराची भाकरी खाल्ली आहे. तुरटपणा जावा म्हणून गर फोडून वाहत्या पाण्यात ठेवायचे, पाणी बदलत राहायचं, मग वाळवून दळायचं. दुष्काळात वाहतं पाणी कुठून आणलं असेल हे मी तिला विचारायचं राहून गेलं. मी एकदा बादलीत पाणी बदलत तसं पीठ केलं, नागलीत मिसळून भाकरी केली. खाण्याजोगी होती. आईने तुकडासुद्धा तोंडात घातला नाही.

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर सगळं उलटं होतं. वेलांना आता पाणीच पाणी, आणि मांडवावर भुरी धरते. आंब्यात फळमाशी येते. वरून फळ निर्मळ, आत किडा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा वाडीत टांगला की नर माश्या त्यात अडकतात आणि नुकसान कमी होतं, पण संपत नाही. आई पहिला पाऊस पडला की पिकला आंबा बंद करते. मी उभा चिरून, उजेडात धरून, बघून खातो. गोटीचा शेवटचा आंबा मी मृगातही खाल्ला आहे.

लोणचं याच दिवसांत घालायचं. आंबट्याच्या कैऱ्या आता निबर, कोय लोखंडासारखी, अडकित्त्याशिवाय फुटत नाही. फोडी पुसून, मिठात रात्रभर, सुटलेलं पाणी वेगळं काढून मसाल्यात परत. एवढ्यापर्यंत सगळ्यांचं एकमत. तेलावर अडतं. बायकोला शेंगदाण्याचं हवं, धाकट्या भावाच्या बायकोला मोहरीचं, तिने ते कुठल्याशा व्हिडिओत बघितलं आहे. आई आणि मी खुरासणीच्या बाजूचे. खुरासणीचं तेल लोणच्यात लवकर खवट होतं असं बायकोचं म्हणणं, आणि मागच्या बरणीच्या तळाशी पुरावा होता, तो तिने सगळ्यांना हुंगायला दिला. यंदा दोन बरण्या भरायच्या ठरलं आहे. तिसरी मोहरीची.